बंद कंपनीची कोरी गाडी

१८ मे २०१७ रोजी जनरल मोटर्सने जाहीर केले की, त्या वर्षअखेरीनंतर भारतात शेवरोलेची गाडी विकली जाणार नाही. पुढचे काही महिने डीलरांच्या यार्डात उभ्या असलेल्या बीट, सेल, क्रूझ या कोऱ्या गाड्यांवर भरघोस सूट निघाली. लहान गाडीवर ती हजारांत होती, तर क्रूझसारख्या मोठ्या गाडीवर थेट लाखांत. तळेगाव दाभाड्याचा शेवरोलेचा कारखाना पुणे जिल्ह्यातलाच. गाडी आपल्याच जिल्ह्यात तयार होते, मग पार्टची काय अडचण येणार, असे बारामती किंवा इंदापूरच्या माणसाला वाटले तर त्यात नवल नाही. त्यातच ऊसबिलाचे पैसे एकरकमी हातात आलेले असले, तर लाखभराची सूट नाकारणे जड जाते.

या व्यवहाराचा विचार बहुधा 'किती वाचले' इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. वास्तविक कोसळलेल्या कंपनीची कोरी गाडी ही आर्थिकदृष्ट्या नवी गाडी नसतेच. शून्य किलोमीटर चाललेली जुनी गाडी, असेच तिचे वर्णन करावे लागते. म्हणून तिची तुलना दुसऱ्या नव्या गाडीच्या छापील किमतीशी न करता दोन वर्षे वापरलेल्या, पण चालू कंपनीच्या गाडीशी करायला हवी. ही तुलना कशी करायची, आणि बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर, इथल्या गॅरेजांत आणि इथल्या वापरात तिचे उत्तर कसे बदलते, ते पाहू.

सूट कशाची मिळते

शोरूममध्ये पैसे मोजताना आपण लोखंड, रबर आणि काच यांच्यासोबत काही वचनेही विकत घेतो. वॉरंटीच्या काळातली दुरुस्ती फुकट होईल, पार्ट मिळतील, जवळपास वर्कशॉप राहील, विमा कंपनी गाडीची किंमत ओळखेल आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढली तर कुणीतरी घेईल. यातले शेवटचे वचन कोणी लेखी देत नाही, तरी किमतीत त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. कंपनी मोडते तेव्हा ही वचने एकदम मोडत नाहीत. पुनर्विक्रीची किंमत बातमी आली त्याच दिवशी पडते. वर्कशॉप वर्ष-दोन वर्षांत विरळ होत जातात. पार्टचा प्रश्न मात्र सावकाश उभा राहतो. पहिली तीन-चार वर्षे तो जाणवतही नाही आणि नंतर एखाद्या सेन्सरसाठी गाडी पंधरा दिवस जागेवर उभी राहते. सूट म्हणजे या मोडलेल्या वचनांची आगाऊ दिलेली भरपाई. ती पुरेशी आहे का, एवढेच पाहायचे.

बंद म्हणजे किती बंद

'कंपनी बुडाली' या दोन शब्दांत निरनिराळ्या घटना एकत्र कोंबल्या जातात आणि खरेदीदाराची पहिली फसगत इथेच होते.

जनरल मोटर्स २०१७ साली भारतात बुडाली नाही, तिने फक्त इथली विक्री थांबवली. २०१६-१७ या आर्थिक वर्षात तिने देशात २५,८२३ गाड्या विकल्या, तर निर्यात केल्या ७०,९६९. म्हणजे इथल्या गिऱ्हाइकासाठी ब्रँड मेला तेव्हा तळेगावचा कारखाना चांगलाच धावत होता. निर्यातीसाठी तिथे डिसेंबर २०२० पर्यंत गाड्या बनत राहिल्या. त्यामुळे बीटचे सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना आणखी तीन वर्षे काम होते. क्रूझचे तसे नव्हते. ती गुजरातेत हालोलला जुळवली जाई आणि तो कारखाना २०१७ मध्येच थांबला. एकाच कंपनीच्या, एकाच यार्डात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या या दोन गाड्यांचे भवितव्य सर्वस्वी वेगळे होते. आणि गंमत अशी की, जास्त सूट होती ती ज्या गाडीचा मागचा पुरवठा आटणार होता तिच्यावर. बाजाराला हे कळत होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तीही याच जातीची. अशा प्रकारात मूळ कंपनी जिवंत असते, तिला आपले नाव जपायचे असते, तिच्यावर दावा लावता येतो आणि ती सर्व्हिस व पार्टची काही ना काही सोय ठेवते.

दुसरी जात खऱ्या दिवाळखोरीची. दक्षिण कोरियातली देवू मोटर २००० च्या अखेरीस कोसळली आणि तिच्यामागोमाग उत्तर प्रदेशातल्या सुरजपूरच्या कारखान्यातून निघणारी मटीझही काही वर्षांत बंद पडली. जनरल मोटर्सने २००२ मध्ये देवूची मालमत्ता घेतली, पण भारतातला कारखाना त्यात नव्हता. पुढे २००७ मध्ये त्याच मटीझच्या घराण्यातली गाडी 'स्पार्क' या नावाने शेवरोलेच्या शोरूममध्ये आली. मटीझच्या जुन्या मालकाला मात्र त्या शोरूममध्ये कोणी आपला मानत नव्हते.

तिसरी जात भागीदारी मोडण्याची, आणि तिचा धागा थेट इंदापूर तालुक्यात पोचतो. कळंबच्या माळावर साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या निघाल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९७० च्या दशकात तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. आपल्याकडे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले गेले. नव्वदच्या दशकात याच कंपनीने फ्रान्सच्या पूजोशी भागीदारी करून कल्याणला ३०९ ही गाडी काढली. संप, भांडवलाची ओढाताण आणि भागीदारांतला बेबनाव यांत ती दशक संपायच्या आत बंद पडली. त्याच काळात फियाट उनोसाठी लोकांनी अडीच लाखांहून अधिक नोंदण्या केल्या होत्या आणि पहिल्या वर्षात गाड्या मिळाल्या त्या काही शेकड्यांनाच. उरलेल्यांनी आगाऊ भरलेले पैसे परत मिळण्याची वाट पाहिली.

पद्मिनी टिकली, पूजो गेली

एकाच घराण्याच्या या दोन गाड्यांची तुलना कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक शिकवते. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास संपले. तरी मुंबईत तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, आणि ती थांबली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, पार्ट मिळेनात म्हणून नव्हे. पूजो ३०९ मात्र कंपनी गेल्यावर थोड्याच वर्षांत रस्त्यावरून दिसेनाशी झाली. गाडी म्हणून ३०९ उणी नव्हती. चालवण्यात, ब्रेकमध्ये, आरामात ती पद्मिनीच्या किती तरी पुढे होती.

फरक तीन गोष्टींत होता. पद्मिनी संख्येने प्रचंड होती, त्यामुळे कंपनी गेल्यावरही तिचे पार्ट बनवणे लहान कारखानदारांना परवडत होते. ती साधी होती. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, लीफ स्प्रिंग यांत संगणकाला विचारण्यासारखे काही नव्हते. आणि तिची दुरुस्ती अधिकृत वर्कशॉपच्या हातात कधी एकवटलीच नाही. तालुक्या-तालुक्यातल्या मिस्त्रींना ती तोंडपाठ होती. या तिन्ही कसोट्यांवर ३०९ नापास झाली. तिचे डिझेल इंजिन मात्र पुढे अनपेक्षितपणे परतले. प्रीमियरने २००९ मध्ये चिंचवडहून 'रिओ' ही छोटी एसयूव्ही बाजारात आणली, तेव्हा तिच्यात त्याच पूजो घराण्याचे दीड लिटरचे डिझेल इंजिन होते. नंतरच्या रिओत फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट आले. जानेवारी २०२१ मध्ये प्रीमियर लिमिटेड दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. आज रिओच्या ज्या मालकाकडे मल्टिजेट आहे तो पुष्कळ निर्धास्त आहे, कारण हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलेले होते आणि तालुक्याच्या कुठल्याही डिझेल मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला आहे.

यातून एक नियम निघतो: कंपनीच्या जगण्यापेक्षा गाडीतल्या यंत्राचे नातेवाईक किती आहेत, हे जास्त महत्त्वाचे. इंग्लंडमधली एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये कोसळली. तिची सर्वांत स्वस्त गाडी 'सिटीरोव्हर' खरे तर पुण्यात टाटांनी बनवलेली इंडिका होती. लाँगब्रिजचा कारखाना बंद पडला तरी तिचे जुळे भावंड इथे रोज हजारोंनी धावत होते. उलट बाजूचे उदाहरण स्वीडनच्या साबचे. कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोर झाली, पण तिचा सुट्या भागांचा विभाग वेगळी कंपनी होता. तो स्वीडिश सरकारच्या ताब्यात गेला आणि 'ओरिओ' या नावाने पार्ट पुरवत राहिला. आपल्याकडे अशी सोय कोणी करून ठेवत नाही. इथे ती सोय बाजार करतो: पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार.

पार्टचे तीन थर

म्हणून गाडी बघताना तिचे सुटे भाग तीन थरांत मनाशी मांडावेत. वरचा थर झिजणाऱ्या मालाचा: फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेल्ट, बॅटरी, टायर, बेअरिंग. हे बनवणारे कारखाने गाडीच्या कंपनीचे नसतातच, त्यामुळे इथे काळजी नाही. मधला थर इंजिन आणि इंधनप्रणालीचा. याचे उत्तर वर सांगितलेल्या नातेवाइकांवर अवलंबून. शेवरोले सेलच्या डिझेलमध्ये मल्टिजेटच्याच घराण्याचे इंजिन होते. बीटचे तीन सिलिंडरचे डिझेल त्यावरूनच बेतलेले, पण नेमके तसेच नाही. म्हणजे काही पार्ट जुळतात, काही नाहीत. अशा अर्ध्या नात्याची गाडी सर्वांत फसवी, कारण दुकानदार 'बसेल' म्हणतो आणि मिस्त्री खोलल्यावर 'नाही बसत' म्हणतो.

खालचा थर त्या मॉडेलपुरत्याच भागांचा: हेडलाइट, बंपर, पुढची काच, डॅशबोर्ड, वायरिंग, इंजिन कंट्रोल युनिट, चावीतली चिप. गाडी जागेवर बसवतो तो हाच थर. यातला एखादा भाग लागला की बारामतीचा मिस्त्री त्याचा फोटो आणि पार्ट नंबर व्हॉट्सॲपवर पुण्याला पाठवतो. तिथून 'ओरिजनल नाही, तोडीचा मिळेल', म्हणजे तोडलेल्या गाडीतला मिळेल, असे उत्तर येते. मग माल एसटीने किंवा खासगी ट्रॅव्हल्सने येतो आणि तो तपासायला गिऱ्हाइकाला स्टँडवरच उभे राहावे लागते. तोडीचा हेडलाइट चालतो. तोडीचे कंट्रोल युनिट चालेलच असे नाही, कारण ते जुन्या गाडीच्या चावीशी बांधलेले असते आणि ते सोडवणारा स्कॅनर तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येकाकडे नसतो.

आकडे मांडून पाहू

पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांना पडणारी गाडी बंद कंपनीची म्हणून पाच लाखांना मिळते आहे. तशीच चालू कंपनीची गाडी सहा लाखांना आहे. पाच वर्षांनी चालू कंपनीची गाडी निम्म्या किमतीला, म्हणजे तीन लाखांना जाते असे धरा. बंद कंपनीची छापील किमतीच्या पाचव्या हिश्शाला, म्हणजे १ लाख २० हजारांना. पाच वर्षांचा खरा खर्च चालू कंपनीच्या गाडीत ३ लाख आणि बंद कंपनीच्या गाडीत ३ लाख ८० हजार. लाखभर वाचवायला निघालेला माणूस ऐंशी हजारांनी खाली येतो. पाच वर्षांत बरोबरी व्हायची तर सूट १ लाख ८० हजारांची, म्हणजे तीस टक्के हवी. दारावर लावलेल्या फलकावरची सूट बहुधा तेवढी नसते.

आता तीच गाडी दहा वर्षे ठेवली तर? चालू कंपनीची गाडी दीड लाखाला विकली गेली आणि बंद कंपनीची चाळीस हजारांना, तर खर्च अनुक्रमे साडेचार आणि ४ लाख ६० हजार. फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे पुनर्विक्रीच्या हिशेबाने अशी गाडी जितकी जास्त वर्षे ठेवाल तितकी ती परवडते. पण पार्टचा हिशेब नेमका उलट बोलतो: जितकी वर्षे जास्त, तितकी खालच्या थराची टंचाई जास्त. या व्यवहाराचा खरा पेच हाच. एक हिशेब म्हणतो गाडी ठेव, दुसरा म्हणतो विक. दोन्हींच्या मध्ये ज्याची गाडी निभावून जाते त्यालाच सूट लागू पडते.

आणि सुरुवातीला म्हटलेला तिसरा पर्याय इथे मांडायलाच हवा. चालू कंपनीची तशीच गाडी दोन वर्षे वापरलेली साडेचार लाखांना मिळाली आणि पुढे पाच वर्षांनी दोन लाखांना गेली, तर खर्च अडीच लाख. कोऱ्या प्लास्टिकचा वास सोडला, तर बंद कंपनीची गाडी या तुलनेत क्वचितच जिंकते. सूट देणारा विक्रेता ही तुलना कधी काढत नाही आणि घेणाराही काढत नाही, कारण घरात 'कोरी गाडी आली' आणि 'जुनी घेतली' यांतला फरक रुपयांत मोजला जात नाही. पेढ्यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच असतो.

पैसे नेमके कोणाकडे जातात

आपण पैसे देतो ते कंपनीला नव्हे, डीलरला. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो. यार्डातल्या गाड्या त्याने बहुधा बँकेच्या कर्जावर आणलेल्या असतात आणि त्या बँकेकडे तारण असतात. कंपनी गेली की डीलरही डगमगतो. मग गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा जुनी देणी भागवण्यात जातो आणि गाडी बँकेच्या ताब्यातून सुटत नाही.

इथे १९३० चा माल विक्री कायदा उपयोगी पडतो. कोणता माल विकला हे निश्चित होईपर्यंत मालकी खरेदीदाराकडे जात नाही, असे त्याचे कलम १८ सांगते. 'एक बीट, पांढरा रंग' अशा पावतीने तुमची कुठलीच गाडी होत नाही. चासी नंबर आणि इंजिन नंबर टाकलेले टॅक्स इन्व्हॉइस हातात आले की बाजू भक्कम होते. त्यासोबत बँकेचे त्या चासी नंबरवरचे देणे फिटल्याचे पत्र मागावे. पूर्ण रक्कम गाडी ताब्यात घेतानाच द्यावी, तीही बँकेतून. रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा नसतो आणि अशा व्यवहारात पुराव्याचीच गरज पडते.

कंपनी किंवा डीलर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली गेला, तर कलम १४ प्रमाणे त्याच्याविरुद्धचे दावे स्थगित होतात. मालासाठी आगाऊ पैसे दिलेला माणूस 'ऑपरेशनल क्रेडिटर' ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हित्रो एनर्जी प्रकरणात सांगितले. म्हणजे दावा दाखल करता येतो. पण कंपनी मोडीत निघाली तर कलम ५३ च्या उतरंडीत त्याचा नंबर प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारण असलेल्या बँका, सरकार या सगळ्यांच्या मागे लागतो. त्या रांगेत शेवटपर्यंत काही उरले तर मिळायचे.

वॉरंटीच्या बाबतीत लोक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर जास्तच भिस्त ठेवतात. उत्पादकाविरुद्धचा आदेश अंमलात आणता येत नसेल तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते, हे कलम ८६ मध्ये खरोखरच आहे. पण ते सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीसाठी आहे, आणि त्या हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. ब्रेक निकामी होऊन माणूस जखमी झाला तर हे कलम कामाचे. गिअरबॉक्स गेला म्हणून नवा हवा, यासाठी नाही. त्यासाठी सदोष माल किंवा सेवेतील त्रुटी अशीच तक्रार करावी लागते. ती गिऱ्हाईक राहतो तिथल्या, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात करता येते, मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर. डीलर 'मी फक्त विक्रेता' म्हणणार हे गृहीत धरूनच खरेदीच्या दिवशी त्याच्याकडून त्याच्या लेटरहेडवर स्वतंत्र हमी घ्यावी. एक्स्टेंडेड वॉरंटी विकली जात असेल तर तिच्या शेवटच्या पानावर ती कोण देते आहे ते पाहावे. विमा कंपनीने दिलेली असेल तर ती गाडीची कंपनी गेल्यावरही टिकते.

यार्डातली गाडी

सवलतीची गाडी बहुधा वर्षभर उन्हा-पावसात उभी असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, '२३१६' म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. गाडीच्या तारखेपेक्षा टायरची तारीख जास्त खरे बोलते. एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरला सपाट डाग पडतो आणि ८० च्या वेगाला स्टेअरिंगमध्ये थरथर येते. बॅटरी मेलेली असते, ती नवी मागावी. बॉनेट उघडून वायरिंगला उंदीर लागला आहे का ते टॉर्च मारून नीट पाहावे. यार्ड उसाच्या फडालगत असेल तर हे हमखास घडते, आणि याच वायरिंगचा हार्नेस पुढे मिळत नाही. इंजिन ऑइल न चालताही जुने होते, ते बदलूनच गाडी घ्यावी.

त्याहून महत्त्वाची तारीख पासिंगची. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री आणि नोंदणी बंद केली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमसमोर लागलेल्या रांगा अजून अनेकांना आठवतील. तशीच बीएस-४ ची मुदत ३१ मार्च २०२० ला संपली. प्रदूषण-नियमांचा नवा टप्पा जवळ आला असेल, तर ताबा आणि बारामतीच्या आरटीओतली एमएच-४२ नोंदणी यांत दिवस घालवणे धोक्याचे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल छापून येते आणि पुढचा घेणारा वय तिथूनच मोजतो, तुम्ही गाडी घेतलेल्या दिवसापासून नव्हे.

विमा, आणि उसाची ट्रॉली

या भागातल्या गाडीमालकाला ज्या कलमाची सर्वांत जास्त झळ बसते, त्याची चर्चा सर्वांत कमी होते. चालू मॉडेलची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या छापील विक्रीकिमतीतून ठरलेल्या दराने घसारा वजा करून निघते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. पण बनणे बंद झालेल्या मॉडेलला हे कोष्टक लागू नाही. तिथे किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्यात ठरवून घ्यायची असते. बहुतेकांना हे ठाऊक नसल्याने एजंट जो आकडा टाकतो तोच मान्य होतो. हप्ता कमी पडावा म्हणून तो आकडा खालचा असतो.

आता गळीत हंगामातली रात्र घ्या. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी अशा कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चाललेले, मागे रिफ्लेक्टर नाही, ऊस बाजूंना बाहेर आलेला. कार मागून घुसते. बॉनेट, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, काच आणि उघडलेल्या एअरबॅगा: सगळे खालच्या थरातले भाग. आयडीव्ही अडीच लाख असेल आणि दुरुस्तीचा अंदाज त्याच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १ लाख ८७ हजार ५०० च्या वर गेला, तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. दुर्मीळ पार्टच्या चढ्या किमतींमुळे हा आकडा पटकन गाठला जातो. तीच धडक चालू कंपनीच्या गाडीला बसली असती तर ती महिनाभरात दुरुस्त होऊन आली असती. म्हणून बंद मॉडेलच्या विम्यात हप्त्याचे हजार-दोन हजार वाचवण्यापेक्षा आयडीव्हीवर घासाघीस करणे फायद्याचे, आणि ठरलेला आकडा पॉलिसीवर छापून घेणे अत्यावश्यक.

मग घ्यावी कोणी

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून बरेच लांब. एवढ्या अंतरात बंद पडलेली गाडी टोइंग करून नेणे म्हणजे सवलतीचा काही भाग तिथेच गेला. त्यामुळे घरात एकच गाडी असलेल्या नोकरदाराने, किंवा टूर्सच्या धंद्यासाठी घेणाऱ्याने, या वाटेला जाऊ नये. ज्याची गाडी रोज धावते त्याच्यासाठी तिचा थांबलेला प्रत्येक दिवस म्हणजे खर्च.

उलट या दोन तालुक्यांत एक घर असे आहे की ज्याला ही सूट खरोखर लागू पडते. अंगणात ट्रॅक्टर आणि पिकअप आहे, दुधाची, खताची, शेतीची कामे त्यांच्यावर निभावतात. कार लागते ती लग्नाला, दवाखान्याला, पुण्याला. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर. गाडी विकायचा विचारच नाही, ती घरातच जुनी होणार. पैसे हाताशी आहेत, कर्जाचा हप्ता नाही. अशा घराला पुनर्विक्रीचा तोटा लागत नाही, कमी वापरामुळे पार्टची टंचाई उशिरा लागते आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली तरी काम अडत नाही. हाच शेतकरी ट्रॅक्टरच्या बाबतीत अशी अक्कल फार पूर्वीपासून वापरत आला आहे. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ मध्ये बंद करायचा निर्णय झाला, तरी एचएमटी अजून शेतात दिसतात, कारण घेणाऱ्याने कंपनी पाहिली नव्हती, मिस्त्री पाहिला होता. कार घेताना तोच माणूस बॉनेटऐवजी टचस्क्रीन बघतो.

अशा घरानेही डिझेलऐवजी पेट्रोल, जास्त खपलेले मॉडेल आणि मधले व्हेरिअंट घ्यावे. सनरूफ, कीलेस, मोठी स्क्रीन म्हणजे खालच्या थरातले आणखी चार भाग. सूट तीस टक्क्यांच्या आत असेल तर उठून यावे. आणि पहिल्याच वर्षी, नाना पेठेत माल अजून आहे तोवर, एक हेडलाइट, टाइमिंग बेल्टचा सेट, क्लच केबल आणि दुसरी प्रोग्रॅम केलेली चावी विकत घेऊन ठेवावी.

विजेच्या गाड्यांना मात्र यातले बरेच काही लागू पडत नाही. अमेरिकेतली फिस्कर जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या सुमारे तीन हजार कोऱ्या ओशन गाड्या न्यूयॉर्कच्या एका भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात उचलल्या. पार्टच्या आधी प्रश्न आला तो सॉफ्टवेअरचा. गाडीची माहिती ज्या सर्व्हरवर होती तो कोण चालू ठेवणार, आणि दोष सुधारणारे अपडेट कोण पाठवणार? अशा गाडीला नातेवाईक इंजिन नसते. तिचा बॅटरी पॅक आणि त्याचा कंट्रोलर बहुधा त्या गाडीपुरताच बेतलेला असतो, त्याची भाषा दुसऱ्या कोणाच्या स्कॅनरला सहसा कळत नाही, आणि बारामती एमआयडीसीतल्या कसलेल्या फिटरलाही ते खोलून काही करता येत नाही. म्हणून कोसळलेल्या कंपनीच्या विजेच्या गाडीवर निम्मी सूट मिळाली तरी तिच्या किमतीत एका नव्या बॅटरी पॅकची रक्कम मिळवून मगच बेरीज करावी, आणि तो पॅक कोण बनवणार याचे उत्तर मिळत नसेल तर बेरीज करण्याचेही कारण नाही.